दिवाणखान्यातला ससाणा

मला पक्षी आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी मला पक्षिनिरीक्षणाच्या सहलीला न्यायचं. खिडकीत कबुतर फडफडलं तरी मी हातातलं काम टाकून दुसऱ्या खोलीत जाते. मिरजेत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. तिथे एकदा चिमणी शिरली, तर गुडघ्याला शेक लावलेल्या आजोबांना तिच्या ताब्यात देऊन मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले होते. आजोबांनी ती हाकलली आणि मग मला आत बोलावलं.

अशा मला शमीमने दुबईजवळच्या अजमानला बोलावलं. शमीम मूळची दाभोळची. मिरजेच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो, ती नर्सिंगला आणि मी फिजिओथेरपीला. लग्न होऊन ती आखातात गेली आणि तिथलीच झाली. तिच्या नवऱ्याला, बशीरभाईंना, गेल्या हिवाळ्याच्या शेवटी अर्धांगवायूचा झटका आला, डाव्या बाजूला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र तसाच राहिला.

"इथले थेरपिस्ट नुसते 'व्हेरी गुड सर, ओके सर' करतात गो," शमीम फोनवर म्हणाली. "तू ये. तू शिव्या देशील. तिकीट काढलंय मी." फोन ठेवता ठेवता म्हणाली, की घरात एक पक्षीपण आहे. मी विचारलं, पिंजऱ्यात आहे ना? "अगो, घरात आहे म्हटलं ना," असं म्हणून तिने फोन बंद केला. मी तीस वर्षं लोकांचे न उठणारे हात उठवत आले आहे. एका पाखराला घाबरून नाही म्हणणं मला शोभलं नसतं.

खाडीवर

डिसेंबरातली दुबई म्हणजे आपल्याकडची दिवाळीच्या पहाटेची हवा, फक्त दिवसभर चालणारी. अजमानला घरी जायच्या आधी शमीमने मला बर दुबईला नेलं. मीना बाजारात तिला परकराचं कापड घ्यायचं होतं. दुकानदार सिंधी, गिऱ्हाईक केरळची, घासाघीस हिंदीत, आणि शेवटी सगळे "खलास" म्हणून मोकळे. मग जुन्या देवळाच्या गल्लीतून मोगऱ्याच्या वासातून आम्ही खाडीवर आलो आणि पलीकडे जाणाऱ्या अब्रामध्ये बसलो. अब्रा म्हणजे बाकडं टाकलेली लाकडी होडी. "एक दिरहम, म्हणजे आपले चोवीस रुपये," शमीमने मोठ्याने हिशेब सांगितला. तिला तिथे राहून इतकी वर्षं झाली तरी मनातल्या मनात रुपये करता येत नाहीत.

होडी मध्यावर आली आणि कोणीतरी पाण्यात पाव फेकला. त्यासरशी पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा थवाच्या थवा आमच्या डोक्यावर आला. मी परकराच्या कापडाची पिशवी डोक्यावर घेतली आणि ओरडले. शेजारी निळ्या डांगरीतला एक माणूस बसला होता, साईटवरून सुटलेला. माझा मराठी आरडाओरडा ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"काय करत न्हाईत ती, मॅडम. खायाला मागत्यात," तो म्हणाला. तो खटावचा निघाला. "गावाकडं कावळं न्हाईत व्हय?"

शमीम हसून हसून बाकड्यावरून घसरायची बाकी होती. "हिला घरी गेल्यावर दाखवते," असं ती त्या खटावकराला म्हणाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

अजमान

बशीरभाईंचं घर बैठं, जुनं, अंगणात बोराचं झाड असलेलं. अजमानमध्ये अशी घरं आता थोडी उरली आहेत. दिवाणखान्यात सोफा, टीव्ही, मक्केची तसबीर, आणि सोफ्याच्या शेजारी, जिथे आपण तिवईवर फुलदाणी ठेवतो तिथे, एका लाकडी खुंटावर ससाणा. पिंजरा नाही, जाळी नाही. डोळ्यांवर चामड्याची टोपी, पायांत दोऱ्या, खाली प्लास्टिक अंथरलेलं. मी दारातच थांबले.

"ही बानू," शमीम म्हणाली. "माझी सवत. त्या टोपीला इथे बुरखा म्हणतात. या घरात बुरखा फक्त हिलाच."

बानूने आवाजाच्या दिशेने मान वळवली. मी दिवाणखाना टाळून स्वयंपाकघराच्या दाराने आत गेले आणि पुढचे दोन दिवस तीच माझी वाट राहिली.

बशीरभाई म्हणजे लांब, सडपातळ माणूस, लुंगीवर स्वेटर घातलेला. डावा हात स्वेटरच्या खिशात. "या डॉक्टरबाई," ते म्हणाले. "हात बघायला आलात ना? आधी तिला बघा. तिचा पासपोर्ट आहे, माझ्यापेक्षा नवा." पासपोर्ट खरंच होता. त्या देशात ससाण्याला पासपोर्ट लागतो, पायात नंबराचं कडं लागतं, आणि आजारी पडला तर त्याच्यासाठी वेगळं हॉस्पिटल असतं. आपल्याकडे माणसाला एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं.

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनी जेवताना सांगितलं. दाभोळच्या बंदरावर लहानपणी ते बेचकी घेऊन फिरायचे. होले, पारवे, काय दिसेल ते. आखातात आले, रास अल खोरला जुन्या गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान टाकलं, आणि एका अरबी गिऱ्हाइकाने त्यांना एकदा पहाटे वाळवंटात नेलं. "इथे बेचकी, छऱ्याची बंदूक, असलं काही चालत नाही. रानातला पक्षी मारायला बंदी. आमच्यासारखे हौशी लोक ससाणा उडवतात तो नुसत्या पिसांच्या झुबक्यावर. दोरीला बांधून झुबका फिरवायचा, ती आभाळातून येते. मी तर शिकारीचं विसरूनच गेलो. ती जाते आणि परत येते. परत यायची तिच्यावर काही जबरदस्ती नसते. तेच बघायला मी जातो."

ससाणा डाव्या हातावर घेतात. हाताच्या पंज्यावर जाड कापडाची नळी चढवतात, तिला मंगला म्हणतात, आणि बोटं बाहेर मोकळी राहतात. "ती बसली की पहिलं काम अंगठ्याचं," बशीरभाई म्हणाले. "पायातल्या दोऱ्या अंगठ्याखाली. विचार करत बसलात तर ती गेलीच." गाठ मारायची ती उजव्या हाताने, एकाच. टोपी घट्ट करायची ती उजव्या हाताने आणि दातांनी. सगळी विद्या अशी की डावा हात पक्ष्याचा आणि उजवा हात माणसाचा.

आणि आता डावा हात खिशात होता. म्हणून ते महिनाभर बानूला उजव्या हातावर यायला शिकवत होते, लांब दोरी बांधून. ती यायची, पण नाराजीने. गाठ मारायला मग शमीम लागायची.

"दोरीवर येते," ते म्हणाले. "शनिवारी पहाटे मोकळी सोडणार. माझ्या हातावर परत आली तर राहील. नाही आली तर रविवारी शारजाचा एक माणूस येणार आहे, त्याच्याकडे जाईल. चांगला माणूस आहे. जी माझ्या हातावर येत नाही, तिला खुंटाला बांधून ठेवायचा मला हक्क नाही."

शमीम उठून भात आणायला गेली. भात ताटलीत पुष्कळ होता.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती म्हणाली, "पक्ष्याचं जाऊ दे गो. ती गेली ना, तर हे त्या खुर्चीतून उठणार नाहीत. रोज पहाटे उठतात ते तिच्यासाठी." माझं परतीचं तिकीट सोमवारचं होतं. मी ठरवलं, शनिवारपर्यंत हा हात सोडायचा नाही.

बोराच्या झाडाखाली

हात मी सकाळी तपासला. खांदा बरा होता, रेटा लावला तर छातीपर्यंत येत होता. कोपर आखडलेलं. बोटं मुडपलेली, ताणली की उघडणारी. अंगठा मेलेला. त्वचेला स्पर्शही नीट कळत नव्हता. मी माझ्या बॅगेतला रबरी चेंडू काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शांतपणे टेबलावर ठेवला.

"डॉक्टरबाई, हा हात आता विसरा. मला उजवा पुरे आहे."

"उजव्या हाताला काही झालेलं नाही. त्याच्यासाठी मी विमानात बसले नाही."

"मग बसून जा परत."

शमीमने मला आणलं होतं ते शिव्या देण्यासाठी, पण या माणसावर शिवी चालणार नाही हे मला कळलं. मी अंगणात गेले, बोराची दोन फाटे फुटलेली एक फांदी पाहिली, आणि शमीमच्या भाकरीच्या तव्याएवढ्याच जुन्या कोयत्याने ती तोडली. माझ्या बॅगेत व्यायामाचे रबरी पट्टे असतात. त्यातला एक कापला, पिशवीसाठी शमीमच्या जुन्या चपलेचं चामडं घेतलं. पिशवी बांधताना माझी चूक झाली, एक बाजू लांब राहिली. बशीरभाई खिडकीतून बघत होते. थोडा वेळ त्यांनी सहन केलं, मग बाहेर आले.

"बेचकी अशी नसते बाई," ते म्हणाले. "आणा इकडे."

बेचकीचं लाकूड धरायचं डाव्या हातात, रबर ताणायचं उजव्याने. डाव्याशिवाय बेचकी होतच नाही. बोटं लाकडाभोवती गुंडाळून मी क्रेप बँडेजने बांधली. छऱ्याच्या जागी भिजवलेले चणे. कठड्यावर ताकाचा, म्हणजे तिथल्या लबनचा, रिकामा डबा. पहिला चणा त्यांच्याच पायावर पडला. दुसरा शमीमच्या वाळत घातलेल्या परकराला लागला. तिने आतून विचारलं, कोण आहे?

ते रोज तास तास चालायचं. टोरांटोहून नातवाने व्हिडिओवर पाहिलं आणि म्हणाला, "दादा, दॅट्स सो कूल! व्हॉट इज दॅट?" दादाने, म्हणजे आजोबांनी, कोकणीत उत्तर दिलं, ते पोराला कळलं नाही, पण तो खूप हसला. तिसऱ्या दिवशी डबा वाजला. गुरुवारी मी बँडेज सोडलं आणि त्यांच्या बोटांनी लाकूड धरून ठेवलं. अंगठा मात्र लाकडाच्या बाजूला नुसता पडून होता. मी ओरडले, गोंजारलं, बर्फ चोळला, टिचक्या मारल्या. तो हलला नाही. सांगून न हलणारा स्नायू कधी कधी न सांगता हलतो. माझ्या दवाखान्यात मी हे फार थोड्या वेळा पाहिलं आहे, आणि ते बोलवून येत नाही.

"शनिवारी मंगला डाव्या हातावर घाला," मी म्हटलं.

"नाही."

"का नाही?"

"नाही म्हणजे नाही. उजवा." आणि बेचकी खिशात घालून ते आत गेले. कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि शमीमनेही नजर वळवली.

या दिवसांत माझी बानूशीही थोडी प्रगती झाली. स्वयंपाकघराच्या दारातून मी सोफ्याच्या लांबच्या टोकापर्यंत आले. रोज संध्याकाळी बशीरभाई तिला तराजूवर बसवत. किलोच्या वर गेली की ती कोणाचीच नाही, असं त्यांचं म्हणणं. पोट भरलेला ससाणा माणसाकडे बघत नाही. उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळलेले असताना तिची पिसं झडत होती, नवी येत होती, आणि तिला भरवायचं काम शमीमकडे होतं. शमीमच्या घरात "पुरे" हा शब्द कोणाला ऐकू जात नाही. मी एकेका जेवणाला तांदळाच्या चार भाकऱ्या, बांगडा, आणि वर नारळाच्या दुधातली सांदणं खात होते, तेही पाहुणी म्हणून कमीच. बानू उन्हाळाअखेर इतकी जाड झाली होती म्हणे, की खुंटावर बसल्या बसल्या घोरायची. तिला पुन्हा उडण्याजोगी करायला बशीरभाईंना कितीतरी दिवस तिचं खाणं मोजावं लागलं. शमीमला ते बघवत नसे. "उपाशी जीव समोर बसलाय आणि आपण जेवायचं," ती म्हणायची.

वाळू

शनिवारी पहाटे बानूचं वजन झालं. अगदी हवं तेवढं. बशीरभाई नमाजाला बसले, मी थर्मासमध्ये चहा ओतला, शमीमने गाडी काढली. लँड क्रूझर तीच चालवते, आणि वाळवंटात शिरताना टायरमधली हवाही तीच काढते, साडीचा... नाही, अबायाच्या काळ्या झग्याचा पदर कमरेला खोचून. अल मदामच्या पुढे डांबर संपलं. तांबूस वाळू, तिच्यावर वाऱ्याच्या बारीक रेघा, मधूनच घाफचं, म्हणजे आपल्या शमीचं, झाड. आपल्या माणदेशात माळ असतो, पण तिथे कुठेतरी बांध दिसतो, कोणाचं तरी शेत आहे हे कळतं. इथे कोणाचंच काही नाही, असं वाटत राहिलं. मला ते आवडलं.

बशीरभाईंनी उजव्या हातावरच्या बानूची टोपी दातांनी सैल केली आणि दातांनीच ओढून काढली. मी तिचे डोळे पहिल्यांदा पाहिले. काळे, मोठे, आणि माझ्याकडे एका क्षणापुरतेही न बघणारे. तिने अंग पसरलं आणि ती गेली. मी दचकले, पण डोळे मिटले नाहीत, हे इथे नोंदवते.

ती वर गेली, मोठं वर्तुळ घेतलं, उन्हात पांढरी चमकली. बशीरभाईंनी पिसांचा झुबका फिरवायला घेतला आणि हाक घातली. ती आली नाही. पुन्हा हाक. ती आणखी वर गेली, वाऱ्यावर तरंगत, मजेत. सुट्टीला निघालेल्या माणसाचा असतो तसा तिचा सगळा रंग होता. मग टेकाडांपलीकडे दिसेनाशी झाली.

"असं होत नाही," बशीरभाई म्हणाले. "वजन बरोबर होतं. भुकेली होती ती."

गाडीपाशी शमीम उभी होती. तिने अबायाचा पदर तोंडाला लावला.

"काय?" ते म्हणाले.

"थोडंसंच दिलं होतं. तुम्ही नमाजाला होता तेव्हा," शमीम म्हणाली. "लाव्याच्या दोन तंगड्या. एवढ्या लांब जायचं, इतक्या महिन्यांनी मोकळी सुटणार, ती उपाशीपोटी कशी उडेल?"

दाभोळची बाई कोणालाही घरातून उपाशी बाहेर पाठवत नाही. ससाण्यालाही पाठवलं नाही. एरवी बशीरभाईंच्या हातून हे सुटलं नसतं. पक्षी हातावर घेतला की मोकळ्या हाताने छाती चाचपायची, गळ्याखालचा फुगा लागला की समजायचं खाल्लंय. पण या वेळी त्यांचा मोकळा हात डावा होता, आणि त्या हाताला काही कळत नव्हतं.

ते रागावतील, ओरडतील, असं मला वाटलं. ते फक्त "खलास" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. त्यांचा तो आवाज मला सहन झाला नाही.

"खलास काय?" मी म्हटलं. "तिच्या पाठीवर ती कुठे आहे ते सांगणारं यंत्र आहे ना? फोन काढा. शमे, गाडी काढ. यल्ला!" मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला यल्ला म्हटलं, आणि ते म्हणायला बरं वाटतं.

नकाशावर ठिपका हलत होता. शमीमने गाडी अशी पिटाळली की एका उतारावर ती वाळूत रुतली, आणि आम्ही दोघींनी चटया घालून, हाताने वाळू उकरून ती काढली. घाईत पिसांचा झुबका मागेच राहिला हे नंतर लक्षात आलं. वारा सुटला होता. आता तो सापडण्यातला नव्हता.

हमदचा मळा

ठिपका थांबला तिथे खजुराचा मळा होता, कुंपण घातलेला. आत पाण्याची उंच लोखंडी टाकी, आणि टाकीच्या टोकाला बानू. फाटकापाशी आम्ही घुटमळत होतो, तेवढ्यात आतून एक म्हातारा अरब काठी टेकत आला. पांढरा पायघोळ कंदुरा, पायात प्लास्टिकच्या सपाता. त्याने आम्हाला पाहिलं, मग वर टाकीकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं.

"तुम बाहर क्यों खड़ा है?" तो म्हणाला. "अंदर आओ. पहले क़हवा."

त्याचं नाव हमद. जुन्या पिढीतल्या अरबांना हिंदी येतं, आणि ते झोकात बोलतात. त्याने आधी आपली कबुतरांची ढाबळ बंद करायला लावली. "तिने एक कबुतर खाल्लं तर उद्यापर्यंत आपल्याकडे बघणार नाही," बशीरभाईंनी मला सांगितलं. मग घाफच्या झाडाखाली सतरंजी अंथरली गेली, खजूर आले, वेलची घातलेली कडवट कॉफी आली. आपल्याकडे अनोळखी माणूस दारात आला तर आपण आधी विचारतो, काय काम आहे. तिथे ते शेवटी विचारतात, आणि तेही विचारलंच पाहिजे असं नाही. हमदचे स्वतःचे ससाणे आता मुलाकडे, अल ऐनला होते. सामानही तिकडेच.

"भूख लगेगी, आएगी," तो म्हणाला. "इन्शाल्ला अस्र तक. मगरिब हुई तो सो जाएगी, फिर सुबह अल्लाह को मालूम किधर."

म्हणजे दिवस मावळायच्या आत. आम्ही बसून राहिलो. माझ्या धंद्यात वाट बघावी लागते, पण ती काहीतरी करत करत बघायची असते. नुसतं बसून एका पक्ष्याच्या पोटातलं अन्न जिरायची वाट बघणं मी कधी केलं नव्हतं. हमदने शमीमला खजूर दिला, तो तिने हातातच ठेवला.

दुपारी हमद नमाजाला गेला तेव्हा मी बशीरभाईंना पुन्हा विचारलं, "डावा का नको?"

त्यांनी या वेळी सांगितलं. "झटका आला तेव्हा ती डाव्या हातावर होती. अंगणात, बोराखाली. हात खाली गेला. दोऱ्या मनगटाला बांधलेल्या. ती उलटी लटकली, फडफडत. मी जमिनीवर. डोळे उघडे होते माझे. मला दिसत होतं, तिची पिसं फरशीवर आपटून तुटतायत. आणि हात उचलता येईना. शमीम येईपर्यंत ती तशीच. तिची ती पिसं उन्हाळ्यात झडली, नवी आली. मला ते विसरता येत नाही. या हातावरून मी तिला पुन्हा पाडणार नाही, डॉक्टरबाई. त्यापेक्षा ती शारजाला जाऊ दे."

मला खूप वाईट वाटलं, आणि आठवडाभर त्या माणसाला मी हट्टी म्हणत होते याचं जास्त वाटलं.

उन्हं तिरपी झाली आणि टाकीवर बानूने अंग झाडलं. बशीरभाई लगेच उठले. "भूक लागली," ते म्हणाले. उजव्या हातावर मंगला, त्यावर लाव्याचा तुकडा. मळ्याच्या मोकळ्या भागात जाऊन त्यांनी हात उंच केला आणि हाक घातली.

ती सुटली. खाली, जमिनीला समांतर, सरळ त्यांच्याकडे. ती उजव्या हाताच्या शेजारून गेली, वळली, त्यांच्या डाव्या खांद्याजवळ पंख फडफडवत घोटाळली, तिथे काही सापडलं नाही, आणि पुन्हा टाकीवर जाऊन बसली.

दुसऱ्यांदा तेच झालं. उजवा सोडून डावीकडे, आणि परत वर.

"बशीर," हमद म्हणाला, "वो तेरा हाथ ढूंढती है."

"मंगला डाव्या हातावर घाला," मी म्हटलं.

"नाही म्हटलं ना," ते म्हणाले, पण या वेळी आवाजात जोर नव्हता. सूर्य खजुरांच्या शेंड्यांना टेकला होता.

तेव्हा शमीम उठली. ती सरळ त्यांच्यापुढे गेली, उजव्या हातावरचा मंगला ओढून काढला, त्यांचा डावा हात खिशातून बाहेर घेतला, आणि लहान मुलाला सदरा घालावा तसा त्यावर मंगला चढवला. तुकडा ठेवला. मग त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली, त्यांचं मनगट उचलून आपल्या खांद्यावर घेतलं, आणि तिने डोळे गच्च मिटले.

"बोलवा," ती म्हणाली.

"शमीम, पंजा लागेल तुला."

"लागू दे. मी हलणार नाही. हात खाली जाणार नाही. बोलवा तिला."

बशीरभाईंनी हाक घातली. आवाज फाटला, पण गेला.

बानू आली. या वेळी ती घोटाळली नाही. टाकीवरून निघाली ती एका रेषेत, शेवटी जरा वर उचलली, आणि शमीमच्या कानाशेजारी, त्या मंगल्यावर, धप्पकन बसली. मनगट हादरलं, शमीम हादरली, जागची हलली नाही. बानूने मान खाली घातली आणि तुकडा खायला लागली. फडफड माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी मागे सरकले नव्हते, हे मला नंतर कळलं.

हमद "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत होता आणि पक्ष्याकडे बघत होता. बशीरभाई तिच्याकडेच बघत होते, गालांवरून पाणी वाहत होतं. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. बानूच्या पायातल्या दोऱ्या त्यांच्या बोटांवर लोंबत होत्या, आणि अंगठा हलला. आधी थोडा कापला. मग आडवा आला, कोणी न सांगता, आणि दोऱ्यांवर दाबून बसला.

"काय झालं? बसली?" शमीमने डोळे न उघडता विचारलं.

"बसली. आणि धरून ठेवलंय," मी म्हटलं.

"कोणी, बानूने?"

"नाही गं," मी म्हटलं. "यांनी."